कोड ब्राउझर नव्याने लिहिताय तर खिडकीला सगळ्यात शेवटी हात लावा

तुझा प्रश्न असा की अंबडच्या तुमच्या टीमचं स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या घराण्यातलं एन्व्हायर्नमेंट आहे, त्यातला कोड ब्राउझर, म्हणजे कोड बघायची-बदलायची खिडकी, जुना झालाय, सेंडर्स (एखादा मेसेज, म्हणजे मेथडचा कॉल, कुठून कुठून जातो ती ठिकाणं) मागितले की काही कॉल येतच नाहीत, मग सगळं मुळापासून लिहावं का. लिही, पण स्क्रीनपासून सुरुवात करू नकोस रे.

आधी सुटणाऱ्या कॉलचं सांगतो. तुम्ही मेथडचे लिटरल्स, म्हणजे कंपाइल झालेल्या मेथडसोबत ठेवलेली नावांची आणि स्थिर किमतींची यादी, चाळताय ना? ते फास्ट असतं, सोर्स वाचावा लागत नाही, पण स्मॉलटॉक-८० मध्ये प्लस, साइझ, डू अशा वारंवार लागणाऱ्या ३२ मेसेजना स्वतंत्र बाइटकोड (कंपायलरने बनवलेल्या सूचना) दिलेत, ते लिटरल्समध्ये जातच नाहीत, आणि इफट्रू, व्हाइलट्रू तर कंपायलर सरळ जंपमध्ये बदलून टाकतो, म्हणजे तिथे मेसेज पाठवल्याची खूणच राहत नाही. पहिल्यांसाठी बाइटकोड तपासावा लागतो, दुसऱ्यांसाठी सोर्स पार्स करून सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या रचनेचं झाड. आणि उलटा त्रासही आहे, टाइप्स नसल्याने ॲडचे सेंडर्स मागितले की जगातले सगळे ॲड येतात, म्हणून पॅकेजचा किंवा क्लास हायरार्कीचा स्कोप, म्हणजे शोधायची मर्यादा, पहिल्या दिवसापासून ठेव, नंतर घुसवायला गेलास तर फार उकरावं लागतं.

आता रचना. फारो या स्मॉलटॉक घराण्यातल्याच एन्व्हायर्नमेंटच्या ७ व्या आवृत्तीत, २०१९ साली, नॉटिलस हा ब्राउझर जाऊन कॅलिप्सो आला तो मुद्दाम बघ. त्यात 'काय शोधायचं' हे क्वेरी म्हणून वेगळं आहे आणि खिडकी फक्त उत्तर दाखवते, म्हणून दुसऱ्या मशीनवर चालणारी इमेजसुद्धा (सगळे ऑब्जेक्ट आणि कोड असलेलं अख्खं एन्व्हायर्नमेंट) त्यातून ब्राउझ करता येते. मला विचारशील तर क्वेरीचा थर आणि त्याच्या टेस्ट हेच खरं काम, पेन (खिडकीतले कप्पे) आणि बटणं त्यामानाने पटकन होतात.

आणि जुना ब्राउझर काढू नकोस, हे कळकळीने सांगतोय. मी सातपूरला एका ठिकाणी होतो तिथे आम्ही नव्या ब्राउझरमधूनच नवा ब्राउझर एडिट करत होतो, एके दिवशी सेव्हचीच मेथड मोडली आणि ती दुरुस्त करायला हातात काहीच उरलं नाही, चेंजेस फाइलमध्ये प्रत्येक कंपाइलची नोंद असते म्हणून कोड बचावला, पण दोन दिवस गेले. तेव्हापासून मी जुन्याची एक कॉपी वेगळ्या नावाने ठेवतो, नव्या क्लासेसवर अजिबात अवलंबून नसलेली. तिचा दुसराही उपयोग आहे, गोदेला पूर किती आलाय हे आपण नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून बघतो ना, तसं प्रत्येक क्वेरीचं उत्तर जुन्याशी ताडून बघायचं, फरक आला की कोण चुकतंय ते हाताने तपासायचं, कधी जुनाही चुकीचा निघतो.

बाकी आयकॉन, रंग, शॉर्टकट नंतर. आधी तुमचा कंपायलर कुठले मेसेज इनलाइन करतो, म्हणजे इफट्रूसारखे जंपमध्ये बदलतो, त्याची यादी काढून पाठव, ती बघितल्यावर सेंडर्सची क्वेरी कशी लिहायची ते सांगतो.