मधुमेह असताना ताठरता टिकत नसेल, तर गोळीच्या आधी काय तपासावे?

आपले वय 46 आहे, काही वर्षांपासून मधुमेह आहे आणि सहा महिन्यांपासून ताठरता टिकत नाही, तेव्हा मेडिकलमधून गोळी आणून पाहावी का, असे आपण विचारले आहे. मी औषधविक्रेता आहे. हाच प्रश्न दुकानातली गर्दी ओसरल्यावर दबक्या आवाजात मला अनेकदा विचारला जातो आणि चिठ्ठीशिवाय ती गोळी मी कोणालाही देत नाही.

कारण हा मुळात रक्तवाहिन्यांचा प्रश्न आहे. कामेच्छा जागी झाली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, धमन्या सैलावतात, लिंगात रक्त भरते आणि ते बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या गेल्याने तिथेच टिकून राहते. अनेक वर्षे वाढलेली साखर हे अस्तर आणि हे मज्जातंतू, दोन्हींची हानी करते. शिवाय लिंगाच्या धमन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर व्यासाच्या, तर हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटरच्या असतात. त्यामुळे त्या अरुंद होऊ लागल्या की त्रास आधी लहान धमनीत जाणवतो, कित्येकदा छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षे आधी. म्हणूनच एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास हृदयाची तपासणी, हे सारे आधी व्हावे, असे मी कळकळीने सांगतो. पहाटे ताठरता नीट येत असेल, तर कारण मनावरच्या ताणात असण्याची शक्यता वाढते. तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे.

छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि ताठरतेची गोळी एकाच वेळी मागणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातले औषध आहे आणि ताठरतेच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, नायट्रेटसोबत घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. जाहिरातीतली ‘शक्तिवर्धक’ चूर्णेही सुरक्षित समजू नयेत. अशा उत्पादनांत लेबलवर न लिहिलेले सिल्डेनाफिल तपासणीत अनेकदा सापडले आहे.

डॉक्टरांनी सिल्डेनाफिल लिहून दिलेच, तर ते संबंधाच्या सुमारे तासभर आधी घ्यावे आणि तेलकट, भरपेट जेवणानंतर घेऊ नये, कारण मग परिणामाला उशीर होतो. इच्छा नसताना ते काम करत नाही. पहिल्या वेळी उपयोग झाला नाही म्हणून सोडून देऊ नये. मात्र मात्रा स्वतःहून वाढवू नये आणि ताठरता चार तासांहून अधिक राहिली, तर थेट रुग्णालय गाठावे. गोळीने भागले नाही, तर लिंगात रक्त ओढून घेणारा निर्वात पंप, इंजेक्शन आणि शस्त्रक्रियेने बसवायचे इम्प्लांट हे पर्याय मूत्ररोगतज्ज्ञांकडे असतात. तंबाखू किंवा सिगारेट असेल, तर ती आजच बंद करावी.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही हा त्रास होतो, पण त्या परस्पर थांबवू नयेत. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आयुर्वेदिक औषधांचीसुद्धा.