बिळात राहिलेली फेरेट

प्रश्न : आम्ही इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये राहतो. शेजारचे शेतकरी सशांच्या बंदोबस्तासाठी फेरेट बिळात सोडतात. गेल्या रविवारी त्यांची मादी दोन तास बाहेरच आली नाही. असे का होते आणि ते कसे टाळावे?

उत्तर : फेरेट, म्हणजे चणीने मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी, सशाला बिळातून पिटाळून तोंडाशी लावलेल्या जाळीत आणतो, परंतु ससा आतच मारला गेला, तर फेरेट त्याच्यापाशीच ठाण मांडतो आणि पोट भरल्यावर तिथेच झोपी जातो. बिळात सशाची पिल्ले असण्याच्या दिवसांत हा धोका फार वाढतो, म्हणून हे काम हिवाळ्यात करणेच शहाणपणाचे. फेरेट उपाशीही नको आणि तुडुंब जेवलेलेही नको.

खरा आधार फेरेटच्या गळपट्ट्यातील ट्रान्समीटरचा, म्हणजे संकेत पाठवणाऱ्या छोट्या यंत्राचा. तो संकेत पकडणारे हातातील यंत्र जमिनीलगत फिरवले की संकेत सर्वांत तीव्र जिथे मिळतो, तिथेच सरळ खाली खणावे, मात्र शेवटची वीतभर माती हातांनीच काढावी, कारण कुदळीचा एक घाव जनावराच्या जिवावर बेततो. बॅटरी प्रत्येक वेळी, बिळापाशी उभे राहून तपासावी. तोंडाला मुसकी बांधण्याची जुनी रीत मला अजिबात मान्य नाही, कारण मुसकीसह हरवलेले फेरेट उपासमारीने मरते. अंधार पडला, तर बिळाची उरलेली तोंडे बुजवून एका तोंडाशी त्याचीच गवत भरलेली पेटी ठेवावी आणि पहाटे पुन्हा जावे.