धबधब्यात प्रुसिक नको

प्रश्न : कोरड्या कड्यांवर रॅपलिंग (दोराने खाली उतरणं) बऱ्यापैकी झालं आहे. प्रुसिक (मुख्य दोरावर बांधायची, भार आला की आवळणारी सुरक्षेची गाठ) बांधता येतो, पोहताही येतं. या जुलैत भिवपुरीच्या धबधब्यावर उतरायचं आहे. जमलं तर पावसातच सांदण दरीही करायची आहे. वेगळं काही शिकावं लागेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी सांदण. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. वरच्या साम्रद गावाकडचं पाणी त्याच घळीतून खाली कोकणात उतरतं आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ. लोंढा आला तर बाजूला होणार कुठे? हिवाळ्यात जा. तेव्हाही सुरुवातीच्या डोहात भिजायची हौस भागेल.

आता तुमचा प्रुसिक. कोरड्या कड्यावर हात सुटला तर तो दोराला आवळून बसतो, म्हणून आपण त्याच्यावर विसंबतो. धारेखाली हेच अंगाशी येतं. आवळलेली गाठ सैल करायची तर तिच्यावरचा भार काढावा लागतो. डोक्यावर पाणी कोसळतंय, श्वास घेता येत नाही, अशा वेळी ते कुणाला जमणार? माणूस पडत नाही, लटकल्या जागी गुदमरतो. म्हणून तिथे प्रुसिकऐवजी बिले खालून देतात, म्हणजे खाली उभा असलेला साथीदार दोर ताणून उतरणाऱ्याला थांबवू शकतो, किंवा वरचा अँकर (दोर अडकवायचा आधार) असा लावतात की भार असतानाही दोर सोडता येतो. आयोजकाला हाच प्रश्न विचारा : ‘मी धारेत अडकलो तर मला खाली कसं सोडणार?’ ‘आपल्याकडे कुणी अडकत नाही’ असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका.

दोराच्या टोकाला गाठ मारायची तुमची सवय चांगली, पण खाली खोल डोह असेल तर तीही सोडा. गाठ डिसेंडरला (ज्यातून दोर सरकतो त्या कमरेच्या उपकरणाला) अडकली की पाण्यातच खिळून राहाल. दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच ठेवतात, म्हणजे त्यातून सुटून थेट पोहत बाहेर पडता येतं.

पोहता येतं, उत्तम. तरी लाइफ जॅकेट घालाच. धबधब्याच्या पायथ्याचं पांढरं पाणी हवेने फसफसलेलं असतं. त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही आणि हात मारून पुढेही सरकत नाही. हेल्मेटबद्दल वेगळं सांगायला नकोच. धबधब्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा किती शिट्ट्यांचा काय अर्थ, ते वर असतानाच ठरवून घ्या.

आणि हो, पावसाळ्यात कर्जत भागातल्या धबधब्यांवर प्रशासन अनेकदा बंदी घालतं. निघण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करा.