वाचकांचे प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर न थांबणारी पोटदुखी

प्रश्न : मी पंचवटी, नाशिक येथे राहते, वय ४६. काही वर्षांपूर्वी अपेंडिक्स फुटल्यामुळे पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढे पिशवीही काढली. तेव्हापासून बेंबीच्या उजव्या अंगाला दुखते, जेवल्यावर पोट फुगते, मधूनच कळा येतात. सोनोग्राफीत काही सापडत नाही. एका डॉक्टरांच्या मते आतडी चिकटली असून ती दुर्बिणीने सोडवून घ्यावीत. घरचे म्हणतात, हे मनाचे दुखणे आहे. सासूबाई बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देतात. हंगामात मी द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करते. शस्त्रक्रिया करून घ्यावी का, आणि क्रेट उचलल्याने त्रास वाढेल का?

उत्तर : ताई, तुमचे दुखणे खरे आहे, हे आधी घरच्यांना वाचून दाखवा. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या पोटात कमीअधिक चिकटलेपणा राहतोच आणि अपेंडिक्स फुटून पू पसरला असेल तर त्याची शक्यता आणखी वाढते. आतल्या नाजूक अस्तराला इजा झाली की तेथे रक्तातील फायब्रिन नावाच्या प्रथिनाचा चिकट थर जमतो. तो काही दिवसांत विरघळला नाही तर त्याचे घट्ट पट्टे बनतात आणि आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला जखडली जातात. हे पट्टे सोनोग्राफीत आणि पुष्कळदा सीटी स्कॅनमध्येही दिसत नाहीत. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘दुखत नाही’ असा कोणी काढू नये.

मात्र पट्टे आहेत म्हणजे दुखणे त्यांचेच, असेही नाही. पोटभर चिकटलेपणा असूनही कधी न दुखलेली माणसे पुष्कळ आहेत. म्हणूनच केवळ वेदनेसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेदरलँड्समध्ये अशा १०० रुग्णांची दुर्बिणीने तपासणी करून निम्म्यांचे पट्टे सोडवले आणि उरलेल्यांचे तसेच ठेवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम होता. शिवाय पट्टे कापले की नव्या जखमांवर नवे पट्टे येऊ शकतात आणि कापताना आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो.

आधी सर्जनकडून एक साधी तपासणी करून घ्या. उताणे झोपून दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचे आणि हात न टेकता मान व खांदे उचलायचे. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणे वाढले, तर ते आतड्यापेक्षा पोटाच्या भिंतीचे, बहुधा व्रणाजवळ अडकलेल्या नसेचे असते आणि त्या जागी भूल देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिल्यावर अनेकांना लक्षणीय आराम पडतो. व्रणातून हर्निया डोकावतो का, हेही त्याच वेळी पाहावे. नसेच्या दुखण्यावर अमिट्रिप्टिलिनसारखे औषध अगदी कमी मात्रेत दिले जाते. ते मानसिक आजारासाठीही वापरतात म्हणून घरात गैरसमज होऊ देऊ नका. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नका, त्यांनी बद्धकोष्ठ होऊन पोट आणखी दुखते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कळा लाटांसारख्या येऊन वाढू लागल्या, पोट फुगून ताठ झाले, उलट्या, विशेषतः हिरव्या, सुरू झाल्या आणि शौच व वात दोन्ही बंद झाले, तर आतड्याला अडथळा झाला आहे असे समजावे. अशा वेळी पोट चोळू नये, एरंडेल किंवा कोणतेही जुलाबाचे औषध देऊ नये, तोंडाने काही घेऊ नये आणि रात्र असली तरी १०८ ला फोन करून सर्जन उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे. कळा थांबून दुखणे एकसारखे तीव्र झाले किंवा ताप आला, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तेथे तासांचाही उशीर परवडत नाही. दोन्ही शस्त्रक्रियांची डिस्चार्ज कार्डे एका पिशवीत हाताशी ठेवा, कारण आधी काय कापले हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना त्यातूनच कळते. सासूबाईंनाही ही लक्षणे नीट समजावून सांगा. त्यांची माया खरी आहे, पण या प्रसंगी चोळण्यात गेलेला वेळ महाग पडतो.

एरवी एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे खावे आणि सावकाश चावावे. दुखणे उसळेल त्या दिवसांत मऊ भात, पातळ वरण, ताक यांवर राहावे. मक्याचे कणीस, फणस, चोथ्यासकट संत्रे टाळावे. द्राक्षे खायला हरकत नाही, फक्त साल बारीक चावली पाहिजे.

वजन उचलल्याने चिकटलेपणा वाढत नाही. हर्निया नसेल तर पॅकहाउसचे काम सोडण्याचे कारण नाही, उलट चालते-फिरते राहण्याचा फायदाच होतो. भरलेला क्रेट मात्र दोघींनी मिळून उचलावा आणि एकाच जागी तासन्‌तास उभे राहून घड छाटण्याऐवजी मधून मधून बसण्याची सोय मुकादमाकडे मागून घ्यावी.