हापूस उशिरा मोहोरतोय? आधी रात्रीचा पारा बघा

भाऊ, कलम मोहोरलं नाही म्हणून लगेच खताच्या मागे धावू नका. शेवंती दिवस लहान झाला की फुलते, आंब्याला मात्र थंडी लागते, आणि ती मानवायला काडी जून, म्हणजे पक्व झालेली हवी. पानं गडद हिरवी, काडी कडक, डोळा (काडीच्या टोकाची कळी) फुगलेला असताना रात्रीचा पारा काही दिवस सलग १५-१८ अंशांपर्यंत उतरला, की मोहोर येतो. रात्री उबदार राहिल्या तर त्याच डोळ्यातून तांबूस पालवी फुटते. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर काडी कोवळीच राहते, मोहोर पुढे जातो.

खरं नुकसान पुढेच आहे. फळं वाटाण्याएवढी असताना थंडी पुन्हा वाढली, की पुनर्मोहोर, म्हणजे पुन्हा नवा मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. त्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे: मोहोर पूर्ण उमलल्यावर ५० पीपीएम जिब्रेलिक आम्ल (हे झाडाचं वाढ-संप्रेरक), म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. पण आधीचा मोहोर भरपूर असेल तरच फवारा.

बागेत कमाल-किमान तापमापक टांगा. प्रत्येक कलमाची पालवी, मोहोर आणि त्या रात्रीचा पारा वहीत लिहा. दोन-तीन हंगामांत तुमच्याच जमिनीवरचं कुठलं कलम कधी हलतं ते कळेल, आणि फवारणीच्या तारखा त्यावरून ठरवता येतील.