व्हिसातला व्ह आणि व्हॉटमधला व्ह

चार महिन्यांत निघायचंय, इंग्रजी वाचायला-लिहायला कुठे अडत नाही, पण ऑनलाइन मुलाखतीत समोरचे सारखे ‘सॉरी?’ म्हणतात, तर व्यंजनांचा सराव कुठून सुरू करू, असं तुम्ही विचारलंय. परदेशात बारा वर्षं काढल्यावर माझं उत्तर असं, की आधी डोक्यातली देवनागरी बाजूला ठेवा.

आपण ‘व्हिसा’ लिहितो आणि ‘व्हॉट’ही लिहितो. दोन्हीकडे तोच व्ह. इंग्रजीत मात्र पहिल्यात व्ही आहे, दुसऱ्यात डब्ल्यू, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपला व या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो, त्यामुळे दोन्ही आपल्याला सारखेच ऐकू येतात. जे कानाला वेगळं लागत नाही ते तोंडातून वेगळं कसं निघणार?

आरसा घ्या. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि आवाज काढत तीन सेकंद तसंच राहा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर तुम्ही आपला मराठी व काढताय. डब्ल्यूमध्ये दातांना काही कामच नाही. शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि तिथून थेट पुढच्या स्वरावर उघडायचा. आता ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि ‘वेट’ म्हणजे ओला, असे आलटून पालटून म्हणा. मला हे दोन शब्द आरशात वेगळे दिसायला एक आठवडा लागला, कानाला वेगळे लागायला महिना.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, पण ‘सॉरी?’ बहुतेक हिच्यामुळे येतं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवेचा झोत सोडत येतात. आपण ‘पार्क’ आपल्या कोरड्या प-ने म्हणतो आणि त्यांना ‘बार्क’ ऐकू येतं. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘पिन’ म्हणा. पट्टी हलली पाहिजे. आपल्याकडे क आणि ख हा फरक जन्मापासून आहे, म्हणून हे जमायला वेळ लागत नाही. फक्त प-ला झोत देताना ‘फॅन’मधला फ करू नका, ओठ आधी पूर्ण मिटू द्या. आणि आधी स आला की झोत गायब: ‘स्पिन’ म्हणताना पट्टी जवळजवळ हलत नाही. ट-ला जीभ मागे वळवू नका, वरच्या दातांमागच्या उंचवट्याला टोक लावा, एवढं पुरे.

झेडचं आपण ‘झ’ करतो आणि झाडातला झ म्हणून मोकळे होतो. त्यापेक्षा सापासारखा लांब ‘स्स्स’ काढा, गळ्यावर बोट ठेवा आणि मधेच आवाज सुरू करा. बोटाला थरथर लागली की झाला झेड. जीभ कुठेच टेकत नाही, हे लक्षात ठेवा. ‘जोर’मधला ज जवळचा आहे, पण तो टेकून सुरू होतो.

‘थँक्यू’च्या थ-साठी मात्र जीव काढू नका. दातांमधे जीभ ठेवून हवा गळू द्यायची, शिकायला सोपं आहे. पण आपला थ वापरला तरी सगळ्यांना कळतं. ते शेवटी.

शब्दाच्या शेवटी ‘बॅक’ आणि ‘बॅग’ यांत ग-वर जोर देण्यापेक्षा ‘बॅग’मधला स्वर थोडा ताणा. ऐकणारा तिथेच ओळखतो.

सराव रोज दहा मिनिटं, एका वेळी एकच जोडी. ऑनलाइन शब्दकोशात दोन्ही शब्दांचे आवाज असतात. घरातल्या कोणाला तरी ते उलटसुलट लावायला सांगा आणि तुम्ही ओळखा. दहापैकी नऊ बरोबर आले की मगच तोंडाकडे वळा. पुढे मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगला परीक्षक करा. ते संदर्भावरून अंदाज बांधतं, म्हणून असं वाक्य द्या ज्यात दोन्ही शब्द चालतील: ‘मी वेल पाहिली’ (इंग्रजीत वेल म्हणजे ‘व्हाइन’, व्हीने) आणि ‘मी वाइन पाहिली’ (डब्ल्यूने) ही दोन्ही इंग्रजीत म्हणून बघा, पडद्यावर काय उमटतं.

परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस, देणार असाल तर बोलण्याच्या परीक्षेत उच्चार हा चारपैकी एक निकष आहे, चौघांचं वजन सारखं. तिथे गोऱ्यांसारखं बोलायची गरज नाही, समजलं पाहिजे.

आणि फोनवर आडनाव सांगायचं ते वैमानिकांसारखं. माझं एक ओळखपत्र व्हीऐवजी बी छापून आलं तेव्हापासून मी ‘व्ही फॉर व्हिक्टर’ म्हणते. डब्ल्यूसाठी त्यांचा शब्द व्हिस्की. लिहून बघा, पुन्हा तोच व्ह.