सगळे बॅचमेट कर्नल झाले, दीर लेफ्टनंट कर्नलच राहिले. त्यांचं काही चुकलं असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दिरांचं नाव यंदाच्या बढतीच्या निवड बोर्डात आलं नाही आणि शिमग्याला ते गावी आले तेव्हा सहाणेवर, म्हणजे पालखी बसते तिथे, जो तो "अजून कर्नल नाही?" विचारत होता. मी पायदळातून निवृत्त होऊन गुहागरला स्थायिक झालोय. बढती हुकली म्हणजे काही चुकलंच असेल, असं अजिबात नाही. हे गावातही ठणकावून सांगा.

लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते: २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. मधे पार्ट बी आणि पार्ट डी या परीक्षा द्याव्या लागतात, एवढंच. कर्नलपासून मात्र जागाच मोजक्या. पलटणीला कमांडिंग ऑफिसर एकच लागतो. म्हणून तिथून पुढे निवड, आणि ती करतं नंबर ३ सिलेक्शन बोर्ड, बॅचवार.

बोर्डापुढे अधिकाऱ्याचं नाव नसतं, फक्त त्याची कागदोपत्री कारकीर्द असते. त्यात खरा जीव सी.आर.मध्ये, म्हणजे गोपनीय अहवालात. साधारणपणे एकावर एक असे तीन वरिष्ठ तो लिहितात आणि १ ते ९ मध्ये अंक देतात. ९ म्हणजे आउटस्टँडिंग, ८ आणि ७ म्हणजे अबव्ह ॲव्हरेज. ऐकायला ७ उत्तम वाटतो. पण बॅचमधल्या बहुतेकांकडे ८-९ च असतात, तेव्हा कंपनी कमांड करतानाचा एखादा ७ माणसाला मागे खेचतो. २००९ पासून गुणांची पद्धत आली: १०० पैकी ९५ गुण सी.आर., कोर्स आणि पदकांचे, बोर्डाच्या स्वतःच्या मताला फक्त ५. निवड दशांशावर ठरते. सढळ हाताच्या साहेबाचा ९ आणि कडक साहेबाचा ७ एकाच रांगेत मोजले जातात, हे मला नोकरीत असतानाही पटलं नाही, आजही पटत नाही.

शेजारच्या वाडीतल्या नेव्हीवाल्याशी मात्र तुलना नको, हुद्द्याचं नाव तेच असलं तरी दर्जा वेगळा. नेव्हीतला कॅप्टन हा आर्मीतल्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि तिथेही कमांडरनंतर (म्हणजे आपल्या लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीच्या हुद्द्यानंतर) कॅप्टन निवडीनेच होतात.

आता पुढचं. पहिल्यांदा नाव आलं नाही तरी नंतर दोनदा फेरविचार होतो. एखादा सी.आर. अन्यायाचा वाटत असेल तर आधी नॉन-स्टॅच्युटरी (सैन्यातल्या सैन्यात), मग स्टॅच्युटरी (लष्करी कायद्याखाली सरकारकडे) तक्रार करता येते. तिथेही दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. आणि निवड झालीच नाही, तरी २६ वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केल कर्नल, म्हणजे निवडीशिवाय सेवेच्या वर्षांवर कर्नल, होता येतं.

यंदाचा त्यांचा पहिलाच विचार होता की फेरविचार, तेवढं विचारून कळवा. तक्रार आत्ता करायची की पुढच्या बोर्डाची वाट पाहायची, ते त्यावर ठरेल.